चौथं ऐजन

१

सोनगव्हाणच्या कोर्टात नक्कल शाखा कुठं आहे असं विचारलं, तर लोक नुसता हात मागं झटकायचे. मागच्या व्हरांड्याच्या पार टोकाला, पाण्याच्या रांजणापलीकडं ती खोली. एक खिडकी, एक टेबल, एक टाइपरायटर आणि छताला टेकलेल्या लोखंडी रॅका. रॅकांत लाल फडक्यात बांधलेले बस्ते. खून, वाटण्या, काडीमोड, बांधावरची भांडणं, सगळं गाठ मारून ठेवलेलं. दिनकररावांनी तिथं सव्वीस वर्षं काढली, आणि मजेत काढली. खोटं कशाला बोला!

काम काय, तर कोर्टातल्या कागदाची नक्कल टाइप करायची आणि मग तिची रुजवात घ्यायची. रुजवात म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून ओळीओळीला ‘हं’ म्हणायचं. हं म्हणजे जुळलं, पुढं चला. शेवटी खाली दोन सह्या: वाचणार अमुक, रुजवात घेणार तमुक. त्या दोन सह्या पडल्या की त्या कागदाला देव आला तरी खोटा म्हणू शकत नाही, असं दिनकरराव मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

वाचायला माणिकराव असत. निजामाच्या अमदानीत उर्दू दफ्तरात चिकटलेला माणूस. खणखणीत आवाज, तोंडात पान. दोन वर्षांपूर्वी ते रिटायर होऊन पूर्णेला गेले आणि त्यांची जागा काही भरली गेली नाही. मग दिनकरराव एकटेच वाचायचे आणि एकटेच हं म्हणायचे. बाहेर स्टुलावर बसलेला शिपाई चंद्रभान हसायचा. “साहेब, आज कुनासंगं बोलायलात?” म्हणून विचारायचा.

एप्रिलातली गोष्ट. सोमवार, दुपारचे तीन. वाटणीच्या दाव्याची नक्कल होती. दिनकररावांनी ओळ वाचली, “पूर्वेस नाला, पश्चिमेस वादीचा बांध,” आणि घसा कोरडा पडला म्हणून थांबून आवंढा गिळला.

“हं,” असं झालं.

दिनकररावांनी पुढची ओळ वाचलीसुद्धा. सवयच ती. दोन ओळी पुढं गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की मघाचं हं आपण म्हटलेलंच नाही.

२

मंगळवारी सकाळी खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. अंगावर धुऊन विटलेलं हिरवं लुगडं, हातात चार घड्या घातलेला कागद.

“नमस्कार साहेब. एक नक्कल पायजे व्हती.”

“कशाची?”

“रगत तपासलेल्या कागदाची. औरंगाबादहून आल्ता तो. आमच्या ह्यांच्या केसमधला.” तिनं घडी उलगडून पुढं केली. वकिलाच्या अक्षरात खटल्याचा नंबर होता. “मी पंचफुला. सितारामची मंडळी.”

नंबर वाचून दिनकररावांना खटला आठवला. तो कुणाला आठवणार नाही? विद्यापीठाच्या नामांतरावरून अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात गावोगाव घरं पेटली, त्यात वालूरकडच्या एका खेड्यात सितारामची झोपडीही जळाली. पुढच्या माघात त्याच गावचे जमीनदार व्यंकटराव त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कुऱ्हाडीच्या घावानं मेलेले सापडले. पाहिलं कुणीच नव्हतं. पण सितारामनं झोपडीचा सूड उगवला म्हणून गाव एका तोंडानं बोललं, आणि सितारामच्या घरात त्याची रक्तानं माखलेली बंडी सापडली. तो म्हणायचा, जवारी काढताना इळा लागला, रगत माझंच हाय. हाताला जखमही होती. पण व्यंकटरावांच्या रक्ताचा गट बी, सितारामचा ओ, आणि कोर्टापुढच्या अहवालात बंडीवरचा गट निघाला बी. मग काय राहिलं? जन्मठेप झाली. अपिलातही तेच कागद, तोच निकाल.

“आता कशाला पाहिजे नक्कल?” दिनकररावांनी विचारलं.

“नवे वकील भेटलेत. ते म्हणले, ह्येच कागद नीट बगायचाय, मंग अर्ज करता येतंय. पर साहेब, शनवारच्या आत द्या. शनवारी भेटीचा दिस हाय जेलात. लय खंगलेत ते. रगत पडायलंय खोकल्यातून. म्या कबूल केलंय, या खेपेला तो कागद आणून वाचून दाखवते म्हणून. सात वर्सं झाली, त्यायला एकच घोर हाय. माजं रगत त्येंचं कसं झालं, एवढंच इचारत्यात.”

“शुक्रवारी या,” दिनकरराव म्हणाले. “एक पानाचं तर काम आहे.”

३

फाइल काढली. वरच त्यांचीच जुनी स्वच्छ नक्कल होती, एकोणऐंशी सालची. खाली माणिकरावांची वळणदार सही, शेजारी स्वतःची. मूळ अहवाल कार्बनचा आणि फार पुसट आला होता, जज्जसाहेबांना चष्म्यातूनही दिसेना, तेव्हा नक्कल शाखेनंच तो स्वच्छ टाइप करून दिला होता. खटला त्या स्वच्छ कागदावर चालला. मूळ कागद फाइलीच्या तळाला गेला.

तळाशी कोण हात घालतो? दिनकररावांनी आपल्याच नकलेवरून नवी नक्कल टाइप केली आणि वाचायला सुरुवात केली.

“एक. मयताचं धोतर. मानवी रक्त. गट बी.”

“हं,” रॅकांमागून आलं.

या खेपेला त्यांनी नीट ऐकलं. ते बाप्याचं हं होतं, सावकाश, थोडं नाकातून. कुणी शेजारी मांडी घालून ऐकत बसलंय असं. दिनकररावांच्या मानेवर काटा आला. पण दिवसाढवळ्या, उन्हात, कोर्टाच्या आवारात कुणी भितं का? त्यांनी स्वतःलाच दटावलं आणि पुढं वाचलं.

“दोन. मयताचा सदरा. ऐजन.”

ऐजन हा माणिकरावांचा शब्द. उर्दू दफ्तरात ‘वरीलप्रमाणे’ला ऐजन म्हणायचे. माणिकराव नकलेतही तोच घालायला लावत आणि दिनकररावांच्याही तो तोंडात बसला होता.

“हं.”

“तीन. घटनास्थळाची माती. ऐजन.”

“हं.”

“चार. कुऱ्हाड. ऐजन.”

“हं.”

“पाच. आरोपीची बंडी. ऐजन.”

काहीच आलं नाही.

दिनकरराव थांबले. पंखा करकरत होता. बाहेर रांजणात कुणी तांब्या बुडवला, त्याचा डुबुक आवाज झाला. खोलीत मात्र कुणीतरी श्वास धरून बसावं तशी शांतता होती.

त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. चार ओळींना हं आलं. पाचवीला नाही. तिसऱ्यांदा वाचायचा त्यांना धीर झाला नाही.

४

आता दिनकरराव काही खुळे नव्हते. उठून त्यांनी रॅकांच्या मागं जाऊन पाहिलं. हातभर अंधारी बोळ, धूळ, एक मेलेली पाल. धुळीवर पाऊल नव्हतं. भिंतीपलीकडं कोण बसतं ते जाऊन पाहिलं, तर पलीकडं वखारीचं कुलूप. वय झालं, कान वाजायला लागले, असं त्यांनी मनाशी ठरवलं. रक्तदाब असणार. बायको रोज सांगते, मीठ कमी करा म्हणून.

बुधवारी त्यांनी चंद्रभानला आत बोलावलं. “बस इथं. मी वाचतो, तू नुसतं हं म्हण.”

“म्या? मला कुटं वाचता येतंय साहेब?”

“वाचायचं नाही रे बाबा. ओळ ऐकली की हं म्हणायचं. एवढं तरी जमेल का?”

चंद्रभान हसत बसला. दिनकररावांनी वाचलं. धोतर. हं. सदरा. हं. माती. हं. कुऱ्हाड. हं. चंद्रभानचा आवाज जाडाभरडा, तंबाखूचा. दिनकररावांना हायसं वाटलं. त्यांनी पाचवी ओळ मोठ्यानं वाचली.

चंद्रभान त्यांच्या तोंडाकडं बघत बसला.

“म्हण की हं!”

“कशाला? तुमी वाचलंच न्हाई.”

“वाचलं ना आत्ता. आरोपीची बंडी, ऐजन.”

चंद्रभानच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. “तुमचं तोंड हाललं साहेब. आवाज न्हाई निघाला. आत्ताबी तुमी ‘वाचलं ना आत्ता’ म्हणला, अन् मंग नुसतं तोंड हालवलं. बरं वाटंना का तुमाला? पानी आणू?”

दिनकरराव पाणी प्याले. निम्मं शर्टावर सांडलं.

५

गुरुवारी त्यांनी फाइलीच्या तळाशी हात घातला. दुसरा इलाजच नव्हता.

मूळ अहवाल कांद्याच्या पातीसारख्या पातळ कागदावर होता, कार्बनची अक्षरं जांभळी पडून पसरलेली. खिडकीशी नेऊन त्यांनी उन्हात धरला, वर भिंग धरलं. धोतरासमोर बी. सदरा, बी. माती, बी. कुऱ्हाड, बी. बंडीसमोरचं अक्षर फुगून ठिपक्यासारखं झालं होतं. पण भिंगाखाली त्याला मधली रेघ नव्हती, पाठीला सरळ दांडा नव्हता. गोल होतं ते. निव्वळ गोल.

ओ.

दिनकररावांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. ते खुर्चीत येऊन बसले.

आणि मग तो दिवस जसाच्या तसा आठवला. पाच वाजत आले होते. माणिकरावांना पाच दहाची पॅसेंजर गाठायची होती, तेव्हाही ते पूर्णेहून येऊन-जाऊन करत. पान चघळत ते भराभरा वाचत होते. गट बी, ऐजन, ऐजन, ऐजन. एकदा ठेका लागला की माणूस अक्षर बघत नाही, ठेका बघतो. चौथं ऐजन त्याच ठेक्यात तोंडातून सुटलं आणि दिनकररावांनी त्याच ठेक्यात हं म्हटलं. नियम असा की कागद बदलून दोनदा वाचायचं. उलट एकदा, सुलट एकदा. दुसऱ्यांदा वाचलं असतं तर मूळ कागद दिनकररावांच्या हातात आला असता. पण माणिकराव पिशवी उचलून उभेच राहिले होते. “कर सही, दिनकर. कितींदा वाचायचं तेच ते.” आणि त्यांनी केली.

त्याला जोडून आणखी एक आठवलं. ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. खटल्याच्या पहिल्या दिवशी कसलासा कागद द्यायला ते कोर्टात गेले होते. आरोपीला आरोप वाचून दाखवणं चाललं होतं आणि पिंजऱ्यातला काळासावळा सिताराम प्रत्येक ओळीला हं म्हणत होता. गावाकडं कुणी गोष्ट सांगितली, पोथी वाचली की समोरचा म्हणतो ना, तसं. साहेब चिडले. “हं म्हणजे? कबूल आहे का?”

“न्हाई साहेब,” सिताराम घाबरून म्हणाला होता. “ऐकायलोय.”

सगळं कोर्ट हसलं होतं. दिनकररावही हसले होते.

ते तडक आपले वरिष्ठ, शिरस्तेदार आबासाहेब यांच्याकडं गेले. आबासाहेबांनी ऐकून घेतलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. “दिनकरराव, नोकरी किती राहिली?”

“अडीच वर्षं.”

“मग? खटला झाला, अपील झालं. जुनी नक्कल आहे तशी देऊन टाका. मूळ कागद पुसट आहे, तुमचं भिंग काही कोर्ट नाही. उगं मेलेलं मढं उकरू नका. तुमच्या सहीची चौकशी लागली तर मला मधे पडता यायचं नाही.”

वाईट माणूस नव्हते आबासाहेब. खरं तेच सांगत होते. आणि सगळ्यात वाईट हे, की दिनकररावांना ते ऐकून बरं वाटलं.

शुक्रवारी पंचफुला आली. दहा वाजल्यापासून खिडकीखाली बसून होती. टेबलावर खोटी नक्कल तयार होती, तिच्यावर सही करायला दिनकररावांचा हात उचलेना. खरी टाइप करायलाही उचलेना. चार वाजता ते खिडकीशी गेले.

“साहेबांची सही राहिली बाई. सोमवार-मंगळवारी बघा.”

“अवं पर उद्या भेट हाय!”

“माझ्या हातात काय आहे?”

ती भांडली असती तर परवडलं असतं. “बरं,” म्हणाली आणि चालू लागली. आत वळताना दिनकररावांना रॅकांमागून कुणीतरी लांब श्वास सोडल्याचं ऐकू आलं.

६

रविवारी सकाळच्या गाडीनं ते पूर्णेला गेले. पापाला वाटेकरी शोधायलाच, दुसरं काय! माणिकरावांनी म्हणावं, अरे चूक माझी, तू कशाला मनाला लावून घेतोस. एवढ्यासाठी दीड तास गाडीत उभं राहून गेला तो माणूस.

रुळांच्या कडेला पत्र्याचं घर. माणिकरावांच्या पत्नी पार्वतीबाईंनी दार उघडलं. त्यांचे डोळे सुजलेले होते.

“बरं झालं आलात भावजी. सहा महिने झाले, असंच चाललंय. डॉक्टर म्हणतात, मेंदूला रक्त कमी पडतंय. दिवसभर काहीतरी वाचत असतात. हातात कागद नाही, काही नाही. कुणाला तरी वाचून दाखवल्यासारखं करतात, मधी मधी थांबतात, अन् मग एका जागी येऊन अडतात. घामानं उशी भिजते. परत पहिल्यापासून सुरू.”

माणिकराव खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. तो खणखणीत आवाज पार बसला होता, पण शब्द ओळखू येत होते. धोतर. सदरा. माती. प्रत्येकानंतर ते कान देऊन थांबत. दिनकरराव दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. यांना सहा महिन्यांपासून, आणि आपल्याला आत्ता आठवड्यापासून. म्हणजे ते हं आधी वाचणाऱ्याकडं गेलं, मग हं म्हणणाऱ्याकडं.

“माणिकराव, मी दिनकर.”

माणिकरावांनी मान वळवली. ओळख पटली. “दिनकर, म्हण रे हं. तू म्हण. तो चौथ्या ऐजनाला हं म्हणत नाही. पुढं जाता येईना मला.”

“हं,” दिनकरराव म्हणाले. ते खाटेशी गेले. “हं, माणिकराव. झालं. चला पुढं.”

माणिकराव बराच वेळ ऐकत राहिले आणि त्यांनी मान हलवली. “तू नव्हं. तुझ्या हंनं तर हे झालं.” ते पुन्हा भिंतीकडं वळले आणि पहिल्यापासून लागले. “मयताचं धोतर. मानवी रक्त. गट बी.”

थांबले. थांबूनच राहिले. मग एकदम कोपरावर उठले. पार्वतीबाई धावल्या.

“गेला,” माणिकराव म्हणाले. “आता पहिल्या ओळीलाबी कुणी हं म्हणंना. दिनकर, कुठं गेला रे तो?”

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. घड्याळ बंद आहे की काय म्हणून दिनकररावांनी आपलं मनगटावरचं पाहिलं. त्यातही साडेअकराच होते.

७

सोमवारी दिनकररावांनी खरी नक्कल टाइप केली. मूळ पातळ कागद समोर ठेवून, एकेक अक्षर भिंगातून बघून. पाचव्या ओळीत ओ टाइप केला तेव्हा टाइपरायटरचा दांडा अडकला नाही, दिवा गेला नाही, काही म्हणजे काही झालं नाही. मग त्यांनी साहेबांच्या नावानं वेगळी टिपणी लिहिली: सन एकोणऐंशीच्या नकलेत पाचवी नोंद चुकीची उतरली असून रुजवात घेणार म्हणून ती चूक माझी आहे. सही केली. आबासाहेबांनी टिपणी वाचून कपाळाला हात लावला, पण साहेबांच्या टेबलावर ठेवली.

दुपारी त्यांनी नकलेची रुजवात घेतली. पहिली ओळ वाचून थांबले. काही आलं नाही. दुसरी. तिसरी. पाचवी तर त्यांनी तीनदा वाचली, “आरोपीची बंडी, मानवी रक्त, गट ओ.” खोलीत नुसता पंखा होता. संपलं, सुटलो, असं त्यांना वाटलं. घरी जाऊन ते पोटभर जेवले आणि दुपारभर झोपलेल्या माणसासारखे ताजे होऊन मंगळवारी कोर्टात आले.

पंचफुला खिडकीशी नव्हती. ती सरळ आत आली, टेबलापुढं उभी राहिली. हातात तार होती.

“बस बाई,” दिनकरराव म्हणाले. “तुझं काम झालंय. सगळं नीट…”

“रईवारी गेले ते,” ती म्हणाली. “साडेअकराला. तार काल सांजच्याला मिळाली. तवर तिथल्या लोकांनी उरकलंबी. शनवारी भेटले, बोलत व्हते. कागद आणला का म्हणले. म्या म्हणलं, सायबाची सही ऱ्हायली. तर म्हणले, आसं का. येवढंच.”

दिनकररावांनी तयार नकलेकडं पाहिलं. शुक्रवारी चार वाजता नक्कल द्यायला काय झालं होतं? एक ओळ. एक अक्षर. तेवढं ऐकून त्या माणसानं शनिवारी सुखानं कूस तरी बदलली असती.

“बाई, मी…”

“वाचून दाखवा,” पंचफुला म्हणाली.

“आता?”

“त्यायला कबूल केल्तं म्या. वाचा.”

त्यांनी कागद हातात घेतला. अक्षरं नाचत होती. “एक. मयताचं धोतर. मानवी रक्त. गट बी.”

“हं.”

रॅकांमागून नव्हे. टेबलाच्या पलीकडून, पंचफुलाच्या डाव्या अंगाला जिथं कुणीच उभं नव्हतं, तिथून. पंचफुलाचे ओठ मिटलेले होते. तिनं तिकडं पाहिलं नाही. फक्त खांद्यावरून घसरलेला पदर उचलून डोक्यावर नीट घेतला.

दिनकररावांनी नजर कागदावरून हलवली नाही. देवाशपथ सांगायचं तर हिंमतच झाली नाही. सदरा. हं. माती. हं. कुऱ्हाड. हं. प्रत्येक हं आधीपेक्षा मोकळं येत होतं, श्वासाची घरघर नसलेलं.

“पाच. आरोपीची बंडी. मानवी रक्त.” त्यांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं. “गट ओ.”

हं आलं नाही.

“मंजी रगत त्यायचंच व्हतं?” पंचफुलानं विचारलं.

“हो. त्यांचंच होतं.”

“अन् हे चुकवलं कुणी?”

सात वर्षं हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. माणिकराव, ठेका, पाच दहाची गाडी, पुसट कार्बन, सगळं दिनकररावांच्या जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं.

“मी,” ते म्हणाले. “न बघता हो म्हटलं मी.”

मग टेबलापलीकडून ते हं आलं. सावकाश, थोडं नाकातून. माफी नव्हती त्यात आणि रागही नव्हता. ऐकल्याचं सांगितलं होतं, बस.

पंचफुलानं नक्कल घेतली, चार घड्या घालून चोळीत ठेवली. “मंग चला,” ती म्हणाली. दिनकररावांना नव्हे. “यष्टी हाय बाराची. घरला चला.”

ती दाराशी गेली, थांबली, चौकटीला अंग चोरून उभी राहिली. एवढ्या अरुंद दारातून दुसऱ्याला आधी जाऊ द्यावं तशी. मग तीही गेली. दिनकररावांनी तेव्हा कुठं मान वर केली.

बाहेर व्हरांड्यात चंद्रभान पाय पसरून पेंगत होता. कुणी जवळून चाललं म्हणून डोळे न उघडताच त्यानं पाय आवरले, पुन्हा पसरले, आणि मागून पंचफुला आली तशी पुन्हा आवरले.